बाबा म्हणतात, ‘तो आपला धम्म नव्हे’

नागपूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८, बँकेत नोकरी. घरी त्या आणि त्यांचे ६८ वर्षांचे वडील. वडिलांना मधुमेह आहे आणि चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलेला आहे. घरात रोज वंदना होते आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी चुकत नाही. ताईंच्या मनात बऱ्याच वर्षांपासून लडाखमधल्या हेमिस गोंपाचा, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाचा, चेचू बघायचा आहे. मुखवटे घातलेले लामा अंगणात नाचतात तो हा उत्सव, आणि तो त्यांना वडिलांसोबत बघायचा आहे. रजा पाच दिवसांची मिळते. उत्सवाच्या आदल्या दिवशी दिल्लीमार्गे विमानाने लेह, दोन दिवस हेमिस, चौथ्या दिवशी पँगाँग तलाव, पाचव्या दिवशी परत, असा बेत आहे. वडील म्हणतात, ‘हे लामांचं कर्मकांड आहे. बाबासाहेबांनी आपल्याला यातूनच बाहेर काढलं. तो आपला धम्म नव्हे.’ पुण्यातला भाऊ म्हणतो, बाबांच्या जिवाशी खेळू नकोस. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, हेमिसचा आता बाजार झालाय, खरं बघायचं असेल तर झांस्करमध्ये आत कुठेतरी जा. ताई विचारतात : बाबांना नेऊ, एकटी जाऊ, की नाद सोडून देऊ? पत्राखाली ता. क. म्हणून एक ओळ आहे : ‘तिथले लोक आम्हाला बौद्ध समजतील का?’

ताई, जय भीम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा प्रवासाचा प्रश्न आहे. ता. क. वाचल्यावर वाटलं, तो वेगळाच आहे. तिकडे येतेच, पण आधी तुमच्या त्या पाच दिवसांच्या बेताकडे बघू. सगळ्यात मोठी चूक तिथे आहे, आणि तीन माणसांनी तुम्हाला तीन प्रकारचे सल्ले दिले तरी ती कोणाच्या नजरेत आलेली दिसत नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. विमान दिल्लीहून तुम्हाला दीड तासात तिथे नेऊन ठेवतं. शरीराला मात्र तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्या काळात डोकं दुखणं, मळमळणं, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं हे धडधाकट माणसालाही होतं. मी स्वतः गेले तेव्हा ४१ वर्षांची होते, रोज पाच किलोमीटर चालणारी, त्यामुळे अंगात थोडी मिजासही होती. उतरल्या दिवशी संध्याकाळी जर्दाळू घ्यायला बाजारात गेले आणि उत्साहाच्या भरात राजवाड्यापर्यंत चढून आले. रात्रभर उलट्या झाल्या. उत्सवाचा पहिला दिवस मी गेस्ट हाऊसच्या खोलीत पडून काढला. घरमालकीण दर तासाला गरम सूप आणून ठेवत होती आणि दर वेळी ‘हळू, हळू’ एवढंच म्हणत होती. हेमिस तिथून पंचेचाळीसेक किलोमीटर. ढोलाचा आवाज ऐकल्याचंसुद्धा समाधान नाही.

म्हणून, कोणीही जा, उत्सवाच्या किमान तीन दिवस आधी लेहला पोचा. पहिले दोन दिवस काहीही बघायचं नाही. पाणी प्यायचं, झोपायचं, अंगणात बसायचं. तुमच्या बेतातलं पँगाँग तर मी लाल पेनाने खोडते. तिथे जायला चांग ला ही खिंड ओलांडावी लागते आणि ती सव्वापाच हजार मीटरहून उंच आहे. तुमची पाच दिवसांची रजा या प्रवासाला पुरत नाही. आठ-नऊ दिवसांची मिळत असेल तर जा, नाहीतर पुढच्या वर्षी जा. परतीच्या विमानाआधीही एक दिवस मोकळा ठेवा. हवा बिघडली की लेहची विमानं रद्द होतात, आणि त्या दिवशी बँकेच्या साहेबांना समजावत बसायची वेळ येऊ नये.

बाबांच्या तब्येतीबद्दल भाऊ घाबरतो ते बरोबर आहे. पण ‘जिवाशी खेळू नकोस’ हे वाक्य वैद्यकीय मत नव्हे. स्टेंट असलेली माणसं उंचावर जातात, आणि काहींना डॉक्टर साफ नाही म्हणतात. तुमच्या बाबांच्या बाबतीत काय, हे त्यांचा हृदयाचा डॉक्टरच सांगू शकेल, तोही तपासून, फोनवर नव्हे. त्याला मोघम ‘लडाखला नेऊ का’ विचारू नका. साडेतीन हजार मीटरवर आठ दिवस, थेट विमानाने, रोज थोडं चालणं आणि काही पायऱ्या, असं सगळं सांगून विचारा. सध्याच्या गोळ्यांत काही बदल लागेल का, साखर तिथे जास्त वेळा तपासावी लागेल का, हेही विचारा. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी अनेक जण दुकानातून आपल्या मनाने घेतात. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांना, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ती चालेलच असं नाही, तेव्हा तीही डॉक्टरांना विचारूनच. गोळी घेतली म्हणून विश्रांतीचे दिवस माफ होत नाहीत. आणि बसल्या जागी धाप लागली, फेस किंवा गुलाबी थुंकी येणारा खोकला सुरू झाला, चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि लवकरात लवकर खाली उतरायचं. हे हृदयरोग्यालाच नाही, पंचविशीतल्या मुलालाही लागू आहे.

विमान टाळून श्रीनगर-कारगिल-लेह रस्त्याने गेलात तर शरीर हळूहळू चढतं. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल २,७०० च्या आसपास, तिथे एक मुक्काम आणि मग लेह. त्याच रस्त्यावर मुलबेखला खडकात कोरलेली मैत्रेय बुद्धांची उंच उभी मूर्ती आहे. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाने गाडी थांबवून बघावी अशी. पण दोन दिवस गाडीत बसणं बाबांना झेपेल का, हाही डॉक्टरांना विचारायच्या यादीत घाला. मनालीचा रस्ता मात्र त्यांच्यासाठी नकोच. त्यात मुक्काम फार उंचावर पडतात आणि मध्ये अडकलं तर खाली उतरायला जवळ काही नाही.

आता बाबांचं म्हणणं.

तुम्ही लिहिता, ‘बाबांचा गैरसमज कसा दूर करू?’ मला वाटतं, हा गैरसमज नाही. बाबा जे म्हणतात त्याला आधार आहे. हेमिस ही द्रुक्पा काग्यू या तिबेटी बौद्ध परंपरेची गोंपा. तिथला चेचू तिबेटात धम्म नेणाऱ्या गुरू पद्मसंभवांच्या स्मरणार्थ होतो. त्यांची आठ रूपं मुखवटे घालून अंगणात येतात आणि लोक त्यांच्यापुढे नतमस्तक होतात. गोंपाचे मोठे लामा आधीच्या लामांचा पुनर्जन्म मानले जातात. आपण बुद्ध, धम्म, संघ अशी तीन शरणं घेतो, तिथे त्यांच्याही आधी गुरूला शरण जातात. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या आणि त्यांचा अर्थ जगलेल्या माणसाला हे खटकणार नाही तर काय! अवतार, चमत्कार, पुरोहित यांच्या तावडीतून सुटायला त्यांच्या पिढीने काय मोजलंय ते तुम्ही घरात पाहिलंय. ‘जाऊ द्या हो बाबा, संस्कृती म्हणून बघा’ असं त्यांना म्हणू नका. ते त्यांच्या धम्माला गंभीरपणे घेतात. आपणही त्यांच्या आक्षेपाला तेवढ्याच गंभीरपणे घ्यावं.

पण आक्षेप मान्य करणं म्हणजे जायचंच नाही, असं कुठे आहे? बावीस प्रतिज्ञांमध्ये दुसऱ्या बौद्धांचा सण पाहू नये असं काही नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा झाली आणि नोव्हेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तब्येत खालावलेली असताना. तिथे वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या परंपरांचे बौद्ध जमले होते. प्रचलित बौद्ध आचारातल्या कितीतरी गोष्टी बाबासाहेबांना पटत नव्हत्या आणि त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. तरीही ते गेले, बसले, बोलले. बाबांशी वाद घालायला म्हणून हे सांगत नाही. त्यांना ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांच्याकडूनच ऐका.

आणि एक साधा प्रश्न विचारा. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला बाबा गेले असतीलच. ते विहार जपानी देणगीतून उभं राहिलं. तिथे त्यांना परकं वाटलं का? वेरूळला बारावं लेणं, तीन ताल, पाहिलंय का? साधारण आठव्या शतकातलं ते काम. बोधिसत्त्वांची मंडलं, तारा आणि इतर देवी असा सगळा वज्रयानाकडे, म्हणजे मंत्र-तंत्राच्या बौद्ध परंपरेकडे, झुकलेला संसार तिथे दगडात बसलाय. पद्मसंभव तिबेटात गेले तेही आठव्याच शतकात. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तर गाभाऱ्यात नर्तकी आहे आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. म्हणजे नाच, मंत्र, देवी हे सगळं हिमालयातून आपल्याकडे आलेलं खूळ नाही. एके काळी ते याच मातीत होतं. बाबासाहेबांनी बुद्धाकडे परत जाताना ते बाजूला ठेवलं, लडाखने ते जपलं. भावकीतली दोन घरं म्हणा. एका घराने जुनी भांडी मोडीत काढून नवी घेतली, दुसऱ्याने तीच घासूनपुसून फळीवर मांडली. चुलतघरी लग्नाला गेलं म्हणजे त्यांची कुळधर्माची यादी आपण घरी आणतो असं थोडंच आहे.

आता मुखवट्यांबद्दल. तुमच्या पत्रात बाबांचा शब्द आहे ‘राक्षसांचा नाच’. गंमत म्हणजे लडाखात आलेल्या इंग्रज प्रवाशांनीही जवळपास हाच शब्द वापरला, सैतानी नाच. सुळे, कवट्यांचे मुकुट, तिसरा डोळा बघून त्यांनी तोच अर्थ लावला. तिथला माणूस मात्र त्याला ‘छाम’ म्हणतो आणि ते चेहरे रक्षकांचे आहेत असं सांगतो. करुणेने रागाचं रूप घेतलं तर ते कसं दिसेल, तसे ते चेहरे. शेवटच्या टप्प्यात कणकेची एक बाहुली आणतात आणि नाचणारा शस्त्राने तिचे तुकडे करतो. काहींच्या लेखी तो धर्माचा शत्रू आहे, काहींच्या लेखी आपल्यातला ‘मी’. काळ्या टोप्यांचा नाच असतो, त्याची कथा नवव्या शतकातल्या तिबेटची आहे. लांगदर्मा नावाच्या, बौद्धांचा छळ करणाऱ्या राजाला एका भिक्खूने लांब बाह्यांत धनुष्य लपवून मारलं, अशी. अहिंसेचं काय, हा प्रश्न बाबा विचारतील. विचारू द्या. लामाही तो प्रश्न टाळत नाहीत, त्यांची उत्तरं मात्र लांबलचक असतात.

म्हातारी माणसं आणखी एक कारण सांगतात. मेल्यावर हे उग्र चेहरे समोर येतात, आत्ताच ओळख करून घेतली की तेव्हा भीती वाटत नाही. बाबांचा यावर विश्वास बसणार नाही. माझाही नाही. पण नव्वदीची एक आजी, डोक्यावर फिरोजा खड्यांचा पेराक घालून, नातवाला मांडीवर घेऊन त्याला एकेका मुखवट्याची नावं सांगत होती. माझ्या पुढच्याच रांगेत. ती काय करत होती हे समजायला विश्वास लागत नव्हता. ज्यांनी जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलाय, संबळाच्या तालावर रात्रभर देव-दैत्यांची सोंगं नाचताना पाहिलीत, त्यांना तर ते अंगण फार अनोळखी वाटणार नाही.

एक सांगून ठेवते, छाम संथ असतो. दोन पावलं, एक गिरकी, थांबायचं, परत दोन पावलं. झांजा, ढोल, माणसाच्या उंचीहून लांब कर्णे. वीस मिनिटांत अंगावर काटा येतो आणि दोन तासांत कंटाळा. तो कंटाळाही कार्यक्रमाचाच भाग आहे असं मला आता वाटतं. आजूबाजूचे लोक चहा पितात, शेजाऱ्याची विचारपूस करतात, डुलक्या घेतात, मध्येच हात जोडतात. आपल्या जत्रेसारखंच. रील बनवण्यापुरतेच आलेले पाहुणे अकरा वाजता उठून जातात, आणि मग बसायला जागा मिळते.

आता एक गोष्ट, जी माहितीपत्रकात नसते. लडाखच्या बौद्ध समाजातही वर-खाली आहे. मोन आणि बेदा हे वाजवणारे, गारा हे लोहार. सुर्णा म्हणजे सनई आणि दमन म्हणजे नगारा यांच्याशिवाय तिथे लग्न होत नाही, पाहुण्याचं स्वागत होत नाही. पण परंपरेने त्या वाजवणाऱ्यांची जागा पंगतीत सगळ्यात शेवटी. बाकीचे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. १९८९ मध्ये लडाखातल्या आठ समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यात या तिघांचीही नावं आहेत. तिथलेच लोक आज या भेदाविरुद्ध बोलतात, पण तो संपलेला नाही. हे मी तुम्हाला हिरमोड करायला सांगत नाही. तुमच्या पत्रात ‘जिथे धम्म कधी तुटलाच नाही असा प्रदेश’ असा शब्दप्रयोग आहे. धम्म तुटला नाही म्हणजे माणसामाणसांतली उतरंड तुटली, असं झालेलं नाही. आणि हे ओळखायला जी नजर लागते ती तुमच्या बाबांकडे आहे. पर्यटक मुखवट्यांचे फोटो काढेल. तुमचे बाबा अंगणात शिरल्यावर आधी बघतील, वाजवणारा कुठे बसलाय. म्हणून बाबा आले तर त्यांची शंका घरी ठेवून या असं म्हणू नका. ती सोबत असू द्या. ते आले नाहीत तर तुम्ही घेऊन जा.

मैत्रिणीच्या ‘खऱ्या’ सणाबद्दल थोडक्यात. लडाख १९७४ मध्ये पर्यटकांसाठी खुलं झालं, तेव्हापासून हेमिसला बाहेरची माणसं येत आहेत. गर्दी असते, पुढच्या खुर्च्या विकल्याही जातात, हे खरं. पण त्या अंगणातली निम्मीअधिक माणसं आसपासच्या गावांतली असतात आणि ती कोणाला दाखवायला येत नाहीत. झांस्करला तिथली गर्दी कमी म्हणून जायचं, तर आपण गेल्यावर तिथेही एकाने वाढलीच की. बाबांना घेऊन तर झांस्कर नकोच. कारगिलहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मध्ये ४,४०० मीटरची पेन्सी ला, आणि हृदयाचा त्रास उठला तर मोठं हॉस्पिटल फार दूर. हेमिसची गर्दी नकोच असेल तर साधारण महिन्याने सक्ती गावात ताकथोक गोंपाचा चेचू असतो. तोही उन्हाळ्यात, लेहपासून तासा-दीड तासावर आणि बराच निवांत. लडाखचे बरेच उत्सव मात्र हिवाळ्यात असतात, कारण तेव्हा शेतं बर्फाखाली आणि माणसं मोकळी. ते ज्यांना थंडी आणि उंची दोन्ही झेपते त्यांनी बघावेत, पहिल्याच खेपेला नव्हे. हेमिसला दर बारा वर्षांनी, माकडाच्या वर्षी, प्रचंड मोठा रेशमी थांगका, म्हणजे धार्मिक चित्रपट, उलगडतात. २०१६ मध्ये उलगडला, आता २०२८ मध्ये. कोणी तुम्हाला ‘तोपर्यंत थांब’ म्हणेल. मी म्हणेन, तेव्हाची गर्दी ज्यांना हवी त्यांना लखलाभ.

तारखा तिबेटी चांद्र पंचांगाने ठरतात, आपल्या कॅलेंडरवर दरवर्षी सरकतात. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची तारीख लेहमधल्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी विचारून घ्या. मोबाइल पोस्टपेड हवा, बाहेरची प्रीपेड सिमकार्डं लडाखात चालत नाहीत. ऊन आपल्या मे महिन्यासारखं चटका देत नाही, पण नाकाची सालटं काढतं. नाचाच्या रिंगणात पाऊल टाकायचं नाही, मंदिरात फ्लॅश नाही, आणि पुढची जागा रिकामी दिसली तरी ती कोणा म्हातारीची असू शकते.

आता तुमची ता. क.

‘तिथले लोक आम्हाला बौद्ध समजतील का?’ ताई, मला वाटतं अख्खं पत्र या एका ओळीसाठी लिहिलंय, आणि बाबांना सोबत न्यायचा हट्टही त्यातूनच आलाय. त्यांना ते अंगण दाखवायचंय, की त्या अंगणातल्या लोकांना तुमचे बाबा? दुसरंही असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी आपलं म्हटलं नाही, त्यांच्या मुलीला एकदा तरी कोणी ‘आमचेच’ म्हणावंसं वाटणार. पण प्रमाणपत्र कोणी कोणाला द्यायचं ते एकदा आकड्यांत बघा. २०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. लडाखची सगळी लोकसंख्या पावणेतीन लाख, त्यात बौद्ध निम्म्याहून कमी. या देशात बौद्ध म्हणजे कोण, असं कोणी विचारलं तर दर चारातले तीन तुमच्या बाबांसारखे वंदना म्हणतात. तुम्ही परीक्षेला बसायला चाललेल्या नाही.

लडाखीत बौद्ध माणसाला ‘नांगपा’ म्हणतात, म्हणजे आतला. कोणी विचारलंच तर तुम्हीही नांगपा आहात असं सांगा आणि ‘जुले’, म्हणजे नमस्कार, म्हणा. काही जण खुलतील, बाबासाहेबांबद्दल विचारतील. काही जण मान डोलावून चहा ओततील, तो खारा आणि लोण्याचा गुरगुर चहा, जो पहिल्या घोटाला आपल्याला अजिबात आवडत नाही. काहींना तुमचा धम्म समजणारही नाही, जसा बाबांना त्यांचा समजत नाही. लेहजवळ चोगलमसरकडे महाबोधी आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र आहे, भिक्खू संघसेन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. ते स्वतः लडाखी आणि केंद्र थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या, परंपरेचं. शाळा, वसतिगृहं, दवाखाना असं त्यांचं काम आहे. विश्रांतीच्या तिसऱ्या दिवशी बाबांना तिथे घेऊन जा. मुखवट्यांआधी पालीतली ओळखीची गाथा कानावर पडली तर त्यांना बरं वाटेल. तुम्हालाही.

आता तुमचे तीन पर्याय. नाद सोडून देऊ नका. डॉक्टर हो म्हणाले आणि बाबा स्वतःहून तयार झाले, तर दोघं जा. तुमच्या आग्रहाखातर, मन मारून तयार झाले, तर नको. आजारी, नाराज माणसाला साडेतीन हजार मीटरवर नेऊन त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलात तर नाच तुम्हाला दिसणारच नाही. डॉक्टर नाही म्हणाले तर एकटी जा, आणि भावाला दहा दिवस नागपूरला बोलावून घ्या. काळजी वाटते म्हणतो ना, मग पुण्याहून यायला त्याला हरकत नसावी.

त्याआधी मात्र एक छोटी सहल करा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७० च्या दशकापासून ती तिथे आहे. नागपूरहून गाडीने तीन-साडेतीन तास, चढ नाही, धाप नाही. थंडीत नागपुरात स्वेटरं विकायला जे तिबेटी दुकानं मांडतात त्यांच्याकडून बाबांनी कधीतरी एखादा घासाघीस करून घेतलाच असेल. आजवर फक्त गिऱ्हाईक म्हणून बोललात, आता पाहुणे म्हणून जा. तिथे गोंपा आहे, वृद्ध माणसं आहेत, आणि इतक्या वर्षांच्या शेजारामुळे मराठीत बोलणारंही कोणी भेटेल. बाबांना जे विचारायचंय, अवताराचं, गुरूचं, त्या राक्षसांचं, ते त्यांना स्वतःच्या भाषेत विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

येत्या रविवारी जमेल का बघा. सोमवारी डॉक्टरांची वेळ घ्या, आणि रजेचा अर्ज त्यानंतर.